भिंतीवरचं सूप

दिवाळी जवळ आली की ओळखीपाळखीचे लोक मला फोन करून विचारतात, "विजयाताई, शहागंजात माळा कुणाकडं चांगल्या मिळतात?" मी दिव्यांचं काम करते एवढंच त्यांना माहीत असतं. मी माळा बनवत नाही. मी भिंतीवर लावायचे दिवे घडवते. म्हणजे आधी कागदावर काढते, मग पत्रा, तार, बांबू, कापड यातून एक नमुना करून घेते, तो भिंतीला लावून बघते, आणि बहुतेक वेळा उतरवून पुन्हा कागदाकडं वळते.

नोकरी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात झाली. तिथं रस्त्यावरच्या बत्त्या बनायच्या. देखणेपणाची कुणाला पडलेली नव्हती. पावसाचं पाणी आत शिरायला नको आणि वाऱ्यानं बत्ती खाली पडायला नको, एवढ्या दोन गोष्टी सांभाळल्या की झालं. कारखाना दुसऱ्या राज्यात हलला तेव्हा मी जायचं नाकारलं. प्रेस शॉपमधले रफिकभाईही गेले नाहीत. पत्रा वाकवण्यात आणि तार जोडण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आम्ही दोघांनी मिळून चिकलठाण्याच्याच जुन्या औद्योगिक वसाहतीत एक शेड घेतली. कागद माझा, पत्रा त्यांचा आणि भांडण दोघांचं, अशी आमची वाटणी आजही चालू आहे.

बाहेरच्या माणसाला या कामातली मुख्य गोष्ट सांगायची तर ती अशी, की भिंतीवरचा दिवा खोली उजळायला नसतो. ते काम छताच्या दिव्याचं. भिंतीवरचा दिवा भिंतीवर उजेड टाकतो आणि माणूस बघतो ती उजळलेली भिंत. बल्ब तर डोळ्यांना दिसायलाच नको. गिऱ्हाईक मात्र दिवा दुकानात बंद असताना बघतं आणि बंद असताना आवडला तर घेतं. घरी लावला की भिंतीवरचा थापीचा एकेक फराटा उठून दिसायला लागतो, कारण उजेड भिंतीला घासून गेला की गिलाव्यातली प्रत्येक खोट उघडी पडते. मग गवंडी मला शिव्या देतो. बीड बायपासच्या एका बंगल्याच्या ठेकेदारानं तर मला सरळ सांगितलं होतं, "मॅडम, तुमचे दिवे लावायचे असतील तर घरमालकाला आधी चष्मा काढायला सांगा."

गेल्या काही वर्षांत लोकांना जुन्या वस्तूंची ओढ लागली आहे. एका गृहस्थांना जातं भिंतीवर लावून त्याच्या भोवती उजेड हवा होता. खरं, दगडी जातं. मी म्हटलं, "ते पडलं तर?" ते म्हणाले, "खाली सोफा आहे ना." दुसऱ्या एका बाईंना बैठकीत चुलीचा दिवा हवा होता, आत लाल उजेड लवलवणारा. त्यांच्या सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी आयुष्यभर धूर गिळला, आता बैठकीत पण चूल?" तो दिवा झाला नाही.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण या कामानं मला खरं काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मला एक व्हरांडा आठवतो.

डॉक्टर नीलिमा बाळंतपणाच्या डॉक्टर. जालना रस्त्याच्या बाजूला त्यांनी नवा दवाखाना बांधायला घेतला तेव्हा त्या आमच्या शेडवर आल्या. चाळिशीच्या, भराभर बोलणाऱ्या, आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणाऱ्या. त्यांच्या दवाखान्यात मधोमध एक लांब व्हरांडा होता. कळा सुरू झालेल्या बायकांना बाळ खाली सरकावं म्हणून चालायला सांगतात, त्यासाठी. दोन्ही बाजूंना खोल्या, त्यामुळं खिडकी एकही नाही.

"मला तिथं दवाखान्याचा पांढरा उजेड नको," त्या म्हणाल्या. "माझ्याकडं बायका गंगापूर, पैठण, फुलंब्री, कुठून कुठून येतात. घाबरलेल्या असतात. भिंतीवर त्यांच्या ओळखीचं काहीतरी दिसू दे. शोभेचं नको. रोजच्या वापरातलं."

मला काम आवडलं. आम्ही तीन नमुने केले. एक पिठाच्या चाळणीवरून, एक सुपावरून आणि एक मुसक्यावरून. मुसकं म्हणजे बैलानं उभ्या पिकात तोंड घालू नये म्हणून त्याच्या तोंडाला बांधतात ती दोरीची विणलेली जाळी. शहरातल्या मुलांनी आता ती पाहिलेलीही नसते. पण आकार फार सुंदर. खाली निमुळता, वर पसरट, आणि गाठी एकसारख्या. रफिकभाईंनी बारीक लोखंडी तारेत तो आकार बांधला, आत बल्ब लावला, शेडमधला मोठा दिवा बंद केला, आणि समोरच्या भिंतीवर जाळीची मोठी सावली उमटली. आम्ही दोघंही बघत राहिलो.

"ताई, ये लई भारी दिखरा," रफिकभाई म्हणाले. आपल्या कामाला ते सहसा बरं म्हणत नाहीत.

सुपाचा नमुना त्यापुढं साधा वाटत होता. शहागंजातून आणलेलं बांबूचं खरं सूप. त्याची पाठ खोलीकडं, कडा भिंतीला टेकलेल्या, तोंड वर. आत बुडाशी छोटा बल्ब. त्याच्या वायरीसाठी सुपाच्या मागच्या काठाला रफिकभाईंनी एक भोक पाडलं होतं. उजेड सुपाच्या तोंडातून वर छताकडं जायचा आणि तिथून खाली यायचा. विणीतून थोडा पाझरायचा, कणीएवढा. सावली जवळजवळ नाहीच.

डॉक्टरांनी तिन्ही बघितले. चाळणी त्यांना स्वयंपाकघरातली वाटली. सुपाकडं बघून त्या म्हणाल्या, "हे हस्तकलेच्या प्रदर्शनात असतं तसं वाटतंय." मुसक्यापाशी मात्र थांबल्या. दोन पावलं मागं गेल्या, फोन काढून फोटो घेतला. "हेच," म्हणाल्या. मलाही तेच हवं होतं. व्हरांड्याच्या दोन्ही भिंतींवर, खांद्याच्या उंचीला, आम्ही मुसक्याचे दिवे लावले. दवाखाना बघायला आलेले पाहुणे त्या दिव्यांसमोर उभं राहून फोटो काढून घेत होते. छताच्या दिव्यांचं काम अजून व्हायचं होतं. तरी डॉक्टरांनी बायकांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली, कारण बाळंतपणं वायरमनसाठी थांबत नाहीत.

एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला. "विजयाताई, जमलं तर आत्ता या. रफिकभाईंनाही आणा." आवाज रागाचा नव्हता, पण घाईचा होता.

आम्ही गेलो तेव्हा व्हरांड्याच्या तोंडाशी बाकावर एक तरुण बाई बसली होती. सविता तिचं नाव, गंगापूर तालुक्यातल्या एका गावची. शेजारी तिची सासू कौसाबाई, अंगानं किडकिडीत, पदर घट्ट आवळलेला. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की सवितेचं पहिलं बाळ जन्मल्यावर लगेच गेलं होतं, हे दुसरं. कळा सुरू झाल्या आहेत, चालणं गरजेचं आहे, आणि ती व्हरांड्यात पाय टाकायला तयार नाही.

मी सवितेपाशी जाऊन बसले. म्हटलं, "हे दिवे मी केलेत. काय होतंय ते मला सांगशील?"

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. कौसाबाईच बोलल्या. "बाई, तुमी स्वतः चालून बघा. पोटाकडं बघत चाला."

मी चालले. पहिल्या दिव्यापाशी पोहोचले तशी जाळीची सावली माझ्या साडीवर चढली. एका बाजूनं आली, पोटावरून सरकत दुसऱ्या बाजूला गेली, आणि ती जाते न जाते तोच समोरच्या भिंतीवरच्या दिव्याची आली. शेडमध्ये आम्ही रिकामी भिंत बघितली होती. भिंतीसमोरून चालणारं माणूस बघितलं नव्हतं.

मी परत आले तेव्हा सविता हळूच म्हणाली, "मुसकं हाय ना ते?"

"हो."

"मुक्या जनावराला खाऊ देयाचं नाय म्हून बांधतेत ते. माझ्या लेकराला कुणी काहून बांधलं?"

मी आकार बघितला होता, गाठी मोजल्यासारख्या एकसारख्या आहेत हे बघितलं होतं. ती वस्तू कशासाठी असते हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण दिवा झाल्यावर ते मागं राहतं, असं मी धरून चालले होते.

रफिकभाई तोवर स्टूल घेऊन पुढं झाले होते. त्यांनी भराभर जाळ्या उतरवल्या. आता नुसते बल्ब राहिले, उघडे, थेट डोळ्यांत जाणारे. सविता उठली, चार पावलं चालली आणि डोळ्यांवर हात धरून परत फिरली. बल्ब बंद केले तर व्हरांडा काळा कुट्ट. डॉक्टर नीलिमा सवितेची नाडी बघून नर्सला काहीतरी सांगून गेल्या.

"शेडवर सूप पडलंय," रफिकभाई म्हणाले.

"एकच आहे."

"एक तो एक. मी आलोच."

ते स्कूटरवर गेले. मी बाकावर बसून राहिले. एक कळ येऊन गेली. सवितेनं माझा हात धरला आणि कळ ओसरल्यावर सोडून दिला, ओळख नसलेल्या माणसाचा हात सोडावा तसा. कौसाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. मी विचारलं, शेती कसली आहे. त्या म्हणाल्या, "कपाशी, थोडा ऊस."

रफिकभाई सूप घेऊन आले. व्हरांड्याच्या टोकाच्या ब्रॅकेटवर त्यांनी ते बसवलं, वायर जोडली, बाकीचे बल्ब बंद केले आणि सुपातला लावला. छत उजळलं. उजेड वरून खाली आला, भिंतीवरून उतरत जमिनीपर्यंत पोहोचला. टोकाशी जास्त, आमच्याकडं कमी. पण चालायला पुरेसा.

सवितेनं आधी कौसाबाईंकडं बघितलं, मग उजेडाकडं. "सूप हाय का?"

"व्हय," कौसाबाई म्हणाल्या. "ऊठ."

ती चालायला लागली. सुपापर्यंत जायचं, वळायचं, यायचं. वळताना ती प्रत्येक वेळी सुपाच्या काठाला हात लावायची. कळ आली की तिथंच भिंतीला टेकून उभी राहायची. मी तिच्याबरोबर चालत होते, का ते मलाही सांगता आलं नसतं. डॉक्टरांनी मला जायला सांगितलं नाही.

मध्येच ती म्हणाली, "हे पण तुमीच केलं व्हय?"

"हो. दोन्ही आम्हीच केलं."

"मग ते तसलं काहून केलं?"

"भिंतीवर चांगलं दिसत होतं."

"भिंतीवर दिसत आसंल," ती म्हणाली आणि पुढं चालू लागली.

एवढंच. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण माझ्या कामाबद्दल त्याहून नेमकं मला कुणी काही सांगितलेलं नाही.

दुपारनंतर बाळाचे ठोके कमी व्हायला लागले. डॉक्टरांनी तिला आत घेतलं आणि शस्त्रक्रिया केली. मुलगी झाली. रडली नाही. मग रडली, पण बारीक. तिला काचेच्या पेटीत ठेवलं. हे आम्हाला डॉक्टरांनी बाहेर येऊन सांगितलं तेव्हा कौसाबाईंनी एकच प्रश्न विचारला, "श्वास हाय?" डॉक्टर म्हणाल्या, "आहे. पण थोडे दिवस बघावं लागेल." कौसाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. रफिकभाईंनी त्यांना चहा आणून दिला. तो त्यांनी घेतला नाही, पण कप हातात धरून ठेवला.

मग आम्ही स्कूटरवर परतलो. शेडपाशी आल्यावर रफिकभाई म्हणाले, "ताई, मलाबी जाळीच आवडली होती." माझ्यावरचा अर्धा भार उचलायला म्हणून ते म्हणाले, हे मला कळलं. मी म्हटलं, "माहीत आहे मला."

दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळा व्हरांडा पुन्हा करायला घेतला. डॉक्टरांनी त्याबद्दल विचारलंही नाही आणि आम्ही सांगितलंही नाही. बांबूची सुपं आणायची, त्यांना आतून पातळ धातूची कड द्यायची म्हणजे आकार सैल पडत नाही, आणि बल्ब इतका खाली बसवायचा की चालणाऱ्याला तो कुठूनही दिसू नये. या वेळी प्रत्येक दिवा आधी शेडच्या भिंतीला लावून मी त्याच्या समोरून चालून बघत होते. कधी सरळ, कधी वाकून, कधी पोटावर दोन्ही हात धरून. आजूबाजूच्या शेडमधले लोक हसायचे. हसू दे.

मुसक्याचे दिवे कुठं गेले ते सांगते. एका हॉटेलवाल्यांनी ते शेडमध्ये पडलेले बघितले आणि तिथल्या तिथं उचलले. जेवणाच्या टेबलांसमोरच्या भिंतीवर लावणार म्हणाले. ते गेल्यावर रफिकभाई म्हणाले, "जेवणाऱ्याच्या समोर मुसकं? त्यांचं गिऱ्हाईक अर्ध्या पोटी उठणार." मी हॉटेलवाल्यांना काही सांगितलं नाही. दिवे तिथं अजून आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणं लोक पोटभर जेवतात. एकच वस्तू एका भिंतीवर नुसता आकार असते आणि दुसऱ्या भिंतीवर बोलायला लागते. कुठली भिंत कुठली, हे ओळखायचं कोष्टक मला अजून सापडलेलं नाही.

सवितेची मुलगी काचेच्या पेटीत किती दिवस होती ते मी मोजले नाहीत. पाचवीचा दिवस पेटीतच गेला, एवढं कळलं होतं. रोज सकाळी कामाला गेलं की नर्सकडं नजर जायची. नर्स मान हलवायची, म्हणजे आहे, बरी आहे. मग एक दिवस मुलगी पेटीतून बाहेर आली, आईजवळ निजली, दूध प्यायला लागली.

घरी सोडायच्या दिवशी आम्ही शेवटचे दिवे बसवत होतो. मुलीला घेतलेल्या सवितेबरोबर कौसाबाई व्हरांड्यात आल्या आणि टोकाच्या त्या पहिल्या सुपासमोर उभ्या राहिल्या.

"हे काढून देता का?" त्यांनी रफिकभाईंना विचारलं.

"काहून, मौशी?"

"लेकराला सुपात घालायचंय. आमच्यात पाचवीला घालतेत. ती ऱ्हायली."

मी म्हटलं, "घरी गेल्यावर घाला की. घरी असेल ना तुमचं सूप?"

कौसाबाईंनी माझ्याकडं बघितलं. "पहिलं लेकरू दवाखान्यातून फडक्यात गुंडाळून नेलं होतं, बाई. हे सुपात घातल्याबिगर उंबऱ्याबाहेर नेणार नाय मी. आन् हिची आई ह्याच सुपाच्या उजेडात चालली. दुसरं कुठलं आणू?"

डॉक्टर नीलिमा मागं येऊन उभ्या होत्या. मला वाटलं त्या नाही म्हणतील, जंतूंचं काहीतरी सांगतील. त्यांनी नर्सला स्पिरिट आणि धुतलेली चादर आणायला सांगितलं.

रफिकभाईंनी सूप उतरवलं. वायर कापली, होल्डर काढला, उघड्या टोकांना चिकटपट्टी लावली. मग सूप उलटंपालटं करून बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. "मौशी, याला भोक आहे. मीच पाडलंय. भोकाचं सूप चालतंय का?"

कौसाबाईंनी भोकात बोट घालून बघितलं. "त्याच्यावर कापड टाका," म्हणाल्या. "लेकरू काय गळून जातंय व्हय?"

सविता हसली. मी तिला हसताना पहिल्यांदाच बघत होते.

नर्सनं सूप पुसलं, चादरीची घडी अंथरली. कौसाबाईंनी चिमूटभर तांदूळ कडेला ठेवले, ते त्यांच्या पदराच्या गाठीत होते. मग त्यांनी मुलीला त्यात निजवलं. सूप तिला मोठं झालं. ती एकदा हातपाय ताणून बघून पुन्हा झोपली. कौसाबाईंनी ओठातल्या ओठात काहीतरी म्हटलं आणि सुपाला जमिनीवरच जरासं हलवलं, दाणे घोळवतात तसं, पण फार हळू. रफिकभाई दाराशी स्क्रू ड्रायव्हर हातात धरून उभे होते आणि जमिनीकडं बघत होते.

मग कौसाबाईंनी मुलीला उचलून सवितेकडं दिलं आणि सूप काखेत घेतलं.

"हे आता भिंतीवर लावायचं नाय," त्या मला म्हणाल्या. "लेकरू निजलं ह्याच्यात."

"न्या तुम्ही."

"भोक मी सुतळीनं ओवून घेते."

बाहेर त्यांच्या गावाकडची जीप उभी होती. ऊन कडक होतं, आणि दारापासून जीपपर्यंत झाड नव्हतं. सविता मुलीला छातीशी धरून पायऱ्या उतरायला लागली तशा कौसाबाई भरभर पुढं झाल्या आणि त्यांनी सूप दोन्ही हातांनी त्या दोघींच्या डोक्यावर धरलं. विणीतून उन्हाचे बारीक कण दुपट्यावर पडले. मुलीच्या तोंडावर मात्र सावली होती. जीपचं दार लागेपर्यंत कौसाबाईंनी ती हलू दिली नाही.